फेडरेशनच्या इव्हेंटिंगला घोडा-स्वाराची जोडी कधी उतरवावी?

बावडेकर:
नमस्कार मंडळी. घोड्यांवरचे धागे इथं क्वचितच निघतात, पण दोन-चार जाणकार गुपचूप वाचत असतात हे ठाऊक आहे, म्हणून विचारतो.

आमची मुलगी १६ वर्षांची, अकरावीला. लहानपणी रंकाळ्यावरच्या घोड्यावरून खाली उतरायला तयार नसायची, ते प्रकरण वाढत वाढत आता स्वतःच्या घोड्यापर्यंत आलंय. घोडा थरोब्रेड (रेसची जात), ९ वर्षांचा गेल्डिंग, म्हणजे खच्ची केलेला, रेसमधून निवृत्त झालेला. पासपोर्टवर लांबलचक इंग्रजी नाव आहे. घरी सगळे बंड्या म्हणतात.

घरच्या मैदानात दोघं १ मीटरचा शो-जंपिंग कोर्स, म्हणजे धक्का लागला की पडणाऱ्या दांड्यांवरच्या उड्या, स्वच्छ काढतात. क्रॉस-कंट्रीचे, म्हणजे मोकळ्या रानातल्या पक्क्या उड्यांचे, अडथळे आम्हीच केलेत: ओंडके, पाचट बांधून केलेलं ब्रश (झुडपाच्या कुंपणासारखं), एक चर. फेडरेशनशी (देशाची घोडेस्वारी संघटना) संलग्न नसलेल्या, क्लबच्या घरगुती स्पर्धांत पुण्याकडं ८० आणि ९० सेंटिमीटरचे वर्ग केलेत. आता येत्या हंगामात फेडरेशनच्या स्पर्धेत इव्हेंटिंगला, म्हणजे ड्रेसाज (रिंगणातल्या ठरलेल्या चाली), क्रॉस-कंट्री आणि शो-जंपिंग या तीन टप्प्यांच्या प्रकाराला, उतरायचंच म्हणतेय.

शिकवणारे निवृत्त रिसालदार आहेत. त्यांना विचारलं की म्हणतात, "देखेंगे." देखेंगे म्हणजे हो की नाही, हे पुन्हा विचारायची माझी छाती नाही. सौभाग्यवतींचं म्हणणं, बारावीनंतर बघू. मला घोड्यातलं काही कळत नाही, मी फक्त कडब्याचं बिल भरतो. तर सांगा, तयारी झाली हे नेमकं कशावरून ओळखायचं? उंचीवरून?

खिंकाळी:
आधी माहिती द्या. पुण्याचा निकाल काय होता? तिन्ही टप्प्यांचे आकडे वेगवेगळे सांगा. "छान झालं" चालणार नाही.

दख्खनी_स्वार:
बावडेकर, उंची बाजूला ठेवा. थरोब्रेडला १ मीटर ही उडी म्हणजे काहीच नाही, तो स्वाराशिवायही मारेल. जे घरच्या मैदानात जमतं, ते घोड्याला पाठ झालेलं असतं. त्यातला ओंडका कुठं आहे, चर कुठं आहे, फाटक कुठल्या बाजूला आहे, सगळं त्याला माहीत.

फेडरेशनच्या स्पर्धेतही टप्पे तेच तीन, ड्रेसाज, क्रॉस-कंट्री, शो-जंपिंग. फरक असा की तिथं कोर्स अनोळखी, वेग ठरलेला, आणि निकाल घोड्याच्या नावावर कायमचा नोंदलेला.

वर्गाच्या नावावर जाऊ नका. स्पर्धेच्या प्रॉस्पेक्टसमध्ये तीन गोष्टी वाचा: उंची, लांबी, वेग. तुलनेसाठी सांगतो. ब्रिटनमध्ये संलग्न इव्हेंटिंगची शिडी ८०, ९०, १०० सेंटिमीटर आणि मग १.१० मीटरचा नोव्हिस अशी आहे. ९०च्या वर्गाला क्रॉस-कंट्रीचा वेग मिनिटाला ४५० मीटर, १००च्या वर्गाला ४७५. एफईआयनं (घोडेस्वारीची आंतरराष्ट्रीय संघटना) २०१९मध्ये तारांकित वर्गांची फेरमांडणी केली, त्यातली सगळ्यात खालची पायरी एक-तारा इंट्रो: उंची १.०५ मीटर, लांबी २ ते ३ किलोमीटर, वेग ५००. बघा, ९० आणि १.०५ यांत उंचीचा फरक वीतभर. पण वेग वाढला की वळणाला, उताराला, विचाराला मिळणारा वेळ कमी होतो. पोरं तिथं अडकतात.

मोजायचंच असेल तर एफईआय वरच्या वर्गात जायला जी किमान पात्रता मागते ती घरगुती स्पर्धेला लावून पाहा. ड्रेसाजला ४५पेक्षा जास्त पेनल्टी (दंडगुण, जितके कमी तितके बरे) नको, म्हणजे ५५ टक्के तरी हवेत. क्रॉस-कंट्रीत अडथळ्यांवर शून्य. ठरलेल्या वेळेपेक्षा ७५ सेकंदांहून जास्त उशीर नको. शो-जंपिंगला १६पर्यंत, म्हणजे चार दांड्या पडल्या तरी चालेल. नियम काय सुचवतोय ते लक्षात घ्या. दांड्या पडल्या तर माफ, वेळ थोडा गेला तर माफ, पण क्रॉस-कंट्रीत अडलेला घोडा माफ नाही.

आणि हे वेगवेगळ्या ठिकाणी जमायला हवं. एकाच मैदानावर पुन्हा पुन्हा जमलं तर ते मैदानही घरचंच झालं.

लाल_माती:
आवो बावडेकर, पोरगी घोड्यावर बसतीया ह्येच जगात भारी. मला घोड्यातलं ठावं न्हाई, पर तालमीतलं सांगतो. वस्ताद पोराला मैदानात कवा सोडतो? डाव किती येत्यात ह्यावर न्हाई. खाली गेल्यावर निघाया येतंय का, ते बघून. वर बसून समदेच पैलवान.

दख्खनी_स्वार:
लाल_माती, माझा अख्खा प्रतिसाद तुम्ही चार ओळींत उरकलात.

पागेतली:
मी मुलांना रायडिंग शिकवते, म्हणून थोडं वेगळं बोलते. वरचं सगळं बरोबर, पण "अजून नाही, अजून नाही" करत तीन-तीन हंगाम घालवणारे पालकही मी पाहते. तोवर मूल कंटाळतं, घोडा म्हातारा होतो. संलग्न स्पर्धा म्हणजे काही आशियाई स्पर्धा नव्हे. घरी जे सहज जमतं त्याच्या एक पायरी खालच्या वर्गात उतरवा, जिंकायचं नाही असं ठरवून. तेही प्रशिक्षणच.

मात्र त्याआधी मी काय पाहते ते सांगते.

रेसचा घोडा असेल तर कोर्सच्या आधी वॉर्म-अप मैदान पाहा. या घोड्यांना लगामावर भार टाकून पळायची सवय असते. तोंड धरलं की तो आणखी जोर लावतो. आजूबाजूला दहा घोडे वेगवेगळ्या दिशांना कँटर (सावकाश दौड) करताहेत, लाउडस्पीकर चालू आहे, कुणाचा तरी घोडा खिंकाळतोय. अशा वेळी बंड्या लांब लगामावर चालत उभा राहू शकतो का? ड्रेसाजच्या रिंगणात पहिला हॉल्ट चौकोनी, म्हणजे चारही पाय सरळ ठेवून थांबणं, मिळतो का? तिथं पेटलेला घोडा क्रॉस-कंट्रीत थंड होत नाही.

याची तालीम कोल्हापुरात फुकट होते. गावोगाव घोडागाडीच्या शर्यती असतात. शर्यत संपून गर्दी पांगायला लागली की लांबच्या कडेला घोडा हातात धरून फिरवा, स्वार होऊ नका. स्पीकर, फेटे, शिट्ट्या, दुचाक्या, सगळं ऐकू दे. जवळ घोड्या असतील तर अंतर ठेवा.

दुसरं, मुलीला विचारा, "कुठल्या परिस्थितीत तू हात वर करून कोर्स सोडशील?" तिच्याकडं उत्तर नसेल तर तयारी नाही. "सोडणारच नाही" हे उत्तर आलं तर अजिबातच नाही.

शेवटचं तुमच्यासाठी. कोर्स-वॉक तिला एकटीला किंवा शिकवणाऱ्यांबरोबर करू द्या. दोन अडथळ्यांमधलं अंतर पावलांनी मोजतात, आपली चार मोठी पावलं म्हणजे घोड्याची कँटरची एक ढांग. तिथं बाबा फोटो काढत मागं असले की मोजणी चुकते.

बावडेकर:
शेवटचा मुद्दा कुणी घरून कळवला का? असो.

आकडे शोधून काढले. ९०चा वर्ग, एकदिवसीय. ड्रेसाज ३८. शो-जंपिंगला एक दांडी, ४. क्रॉस-कंट्रीला पाण्याच्या अडथळ्यावर बंड्या एकदा थांबला, दुसऱ्यांदा गेला. ठरलेला वेळ ४ मिनिटांचा होता, ही ४ मिनिटं ४० सेकंदांनी आली.

खिंकाळी:
अडल्याचे २०. उशिराचे सेकंदाला ०.४ प्रमाणे १६. क्रॉस-कंट्री ३६, एकूण ७८. पूर्ण केलं हे चांगलंच, पण दख्खनींच्या फुटपट्टीनं हा निकाल बसत नाही. त्याच अडथळ्यावर आणखी एकदा थांबला असता तर वर ४० बसले असते, तिसऱ्यांदा बाद.

बरं, एकदा थांबल्यानं काही इतके सेकंद जात नाहीत. वळून परत यायला पंधरा-वीस गेले म्हणू. बाकीचे कुठं गेले?

बावडेकर:
पाण्यानंतर ती हळू झाली. मी शेवटाजवळ उभा होतो, वाग (लगामाची दोरी) आवळलेली दिसत होती. घाबरली असावी. विचारलं नाही, पोरींना असलं विचारलं की आठवडाभर अबोला.

दख्खनी_स्वार:
मग हेच उत्तर समजा. अडल्यावर जो स्वार उरलेला कोर्स वाग आवळून काढतो, तो पुढच्या वेळी पाण्याच्या आधीच आवळेल, आणि घोडा ते ओळखेल. हा हंगाम सोडा.

बावडेकर:
बाबांच्या आयडीवरून मी लिहितेय, त्यांचा फोन माझ्याकडं आहे. नमस्कार.

दख्खनी काका, तुमचा राग नाही, पण मी घाबरले नव्हते. पाण्यात उतरायच्या आधी छोटा ड्रॉप, म्हणजे खाली उडी घ्यायची पायरी, होता. बंड्यानं असं पाणी पाहिलं नव्हतं म्हणून मी मुद्दाम ट्रॉटवर (दुडक्या चालीवर) आणलं. त्यानं थांबून वास घेतला, मी वळवून परत आणलं, टाच दिली, गेला. त्यानंतरचे ओंडके आम्ही नीटच घेतले. पण चढ संपल्यावर त्याचा श्वास मला पायाखाली वेगळा लागला, नाकपुड्या पूर्ण उघड्या होत्या, आणि तो लगामावर टेकायला लागला. म्हणून शेवटचे चार अडथळे मी उचलून धरून हळू घेतले. गेटपाशी उभ्या असलेल्यांना त्यातलं वाग आवळलेली एवढंच दिसतं.

आणि हो, कोर्स कधी सोडेन ते मला माहीत आहे. तो टेकायला लागला आणि धरूनही उठला नाही तर.

पागेतली:
शाब्बास. मघाच्या प्रश्नाचं याहून बरं उत्तर मी वरच्या वर्गातल्या मुलांकडूनही ऐकत नाही.

दख्खनी_स्वार:
माझं वरचं विधान मागं घेतो. म्हणजे प्रश्न पोरीचा नाही, घोड्याच्या दमाचा आहे. थकलेला घोडा पाय उचलत नाही, आणि क्रॉस-कंट्रीचा ओंडका दांडीसारखा पडत नाही. डॉक्टर कुणी आहे का इथं?

गोठा_ते_पागा:
आहे. पशुवैद्य, जिल्ह्यातलाच. गायी-म्हशींतून सवड मिळाली की घोडे.

४ मिनिटांच्या कोर्सला ९ वर्षांचा थरोब्रेड दमतो, याची कारणं मी या क्रमानं शोधेन: सराव, ऊन, रक्त, श्वास. आपल्याकडं रोज तासभर रिंगणात गोल गोल फिरवतात आणि घोडा फिट आहे म्हणतात. त्यानं वळणं सुधारतात, दम वाढत नाही.

विश्रांतीतल्या घोड्याची नाडी मिनिटाला २८ ते ४४. स्टेथोस्कोप डाव्या कोपराच्या मागं लावायचा, मुलीला एका दिवसात जमेल. दर चौथ्या दिवशी इंटरव्हल काम: आधी भरपूर चाल आणि ट्रॉट, मग ३ मिनिटं कँटर, ३ मिनिटं चाल, असं तीनदा. सुरुवात मिनिटाला ४०० मीटरच्या वेगानं करा, काही आठवड्यांनी ४५०कडं न्या. काम संपल्यावर दहा मिनिटांत नाडी साठ-चौसष्टच्या घरात यायला हवी. येत नसेल तर पुढचा वेग नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पायांच्या नळीमागच्या कंडरांवर (टेंडन) हात फिरवा, चारही पाय सारखेच गार हवेत. एक पाय कोमट लागला तर आठवडा फक्त चाल, आणि मला फोन.

वेगाचा अंदाज यायला ४५० मीटर टेपनं मोजून दोन टोकांना खुणा करा आणि मनगटावर घड्याळ बांधा. खूण ते खूण एक मिनिट. ज्या स्वाराला घड्याळ न बघता हा वेग कळतो त्याला स्पर्धेत ओढाताण करावी लागत नाही.

आणि घोडा तापला की गार पाणी घालू नये, आखडतो, असं सांगणाऱ्यांना नमस्कार करून पुढं जा. १९९६च्या अटलांटा ऑलिंपिकच्या निमित्तानं यावर भरपूर काम झालं. पाणी सतत ओतत राहायचं, मधे मधे चालवायचं.

मळ्यातला:
जागेचं काय? मसाई पठारावर न्या की. एवढं सपाट, वारा भन्नाट, नाद खुळा गॅलप होईल.

गोठा_ते_पागा:
मसाई पठार विसरा. वर बोटभर माती, खाली जांभा कातळ. खुरांना आणि सांध्यांना ते हादरे बसले की हंगाम तिथंच संपला. शिवाय ते राखीव संवर्धन क्षेत्र आहे, फुलांत घोडे घालू नका.

ऊस तुटल्यावरचं मोकळं रानही नको. सरी-वरंब्यात पाय मुरगळतो. काळी जमीन पावसाळ्यात ओढते आणि मार्चनंतर भेगाळते. नदीकाठची गाळाची सपाट पट्टी पाणी ओसरून वाफसा आला की उत्तम, दिवाळी ते जानेवारी. आधी पायी चालून दगड आणि खुंट वेचायचे.

मळ्यातला:
नदीकाठावर जायचंच तर पाण्याचाही सराव होईल, थेट पंचगंगेतच घाला घोडा.

खिंकाळी:
आणि तळ कुठं आहे ते घोड्यानं शोधायचं? शिवाय कृष्णेच्या अंगानं मगरी आहेत, त्यांनी अजून कुठल्याच फेडरेशनकडं नोंदणी केलेली नाही.

दख्खनी_स्वार:
पाण्याचा अडथळा घरीच करता येतो. नियमानं पाणी ३५ सेंटिमीटरपेक्षा खोल नसतं. जेसीबीनं उथळ खड्डा, तळाला मुरूम दाबून पक्का, आत जायला आणि बाहेर यायला उतार. घोड्याला पाय टेकल्यावर जमीन घट्ट लागली की त्याची शंका फिटते. पहिल्यांदा जाणत्या घोड्याच्या मागून चालत. ड्रॉप सगळ्यात शेवटी, तोही ३०-४० सेंटिमीटरचा. मग तसलंच पाणी दुसऱ्याच्या मैदानात. ते झाल्याशिवाय अर्ज भरू नका, एवढं माझं म्हणणं अजून कायम आहे.

बोरगाव_नाका:
थोडं अवांतर. १९८२च्या दिल्ली एशियाडला इव्हेंटिंगमध्ये रघुबीर सिंग यांचं सुवर्ण, सांघिक सुवर्णही आपलंच. त्यानंतर २०१८ला जकार्तामध्ये फवाद मिर्झा यांचं वैयक्तिक रौप्य, मधे ३६ वर्षं गेली. १९८२चा तो संघ लष्करातला होता. घरच्या मैदानात पाचट बांधून सराव करणारी पोर या खेळात उतरतेय, हे वाचूनच बरं वाटलं.

पागेतली:
अवांतर छान आहे, पण मुलीवर एवढं ओझं टाकू नका हो.

बावडेकर, सामानाचं बघून ठेवा. हेल्मेट नव्या मानकाचं आणि एकदाही न आपटलेलं. बॉडी प्रोटेक्टर तिच्या मापाचा, "वाढत्या अंगाचा" घ्यायचा नाही. क्रॉस-कंट्रीत स्वार पडला की तिथंच बाद, पुन्हा चढून पुढं जाता येत नाही. हे तिच्या आईला आधी सांगा, त्यांना बरं वाटेल.

बावडेकर:
सगळ्यांचे आभार, पोरीनं फोन परत दिला.

तुमचे प्रतिसाद घेऊन रिसालदारसाहेबांकडं गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि तबेल्यातली वही पुढं केली. पुण्याहून आल्यापासूनची बंड्याची नाडी, कँटरचे मिनिट, सगळं तारखेनिशी पोरीच्या अक्षरात. गेल्या महिन्यात नाडी दहा मिनिटांत ७२वर अडकत होती, परवा ६६ होती. नालबंदाला मागच्या नालांना स्टडची (पाय घसरू नये म्हणून बसवायच्या खिळ्यांची) भोकं पाडायलाही सांगून झालंय. म्हणजे देखेंगेचा अर्थ तबेल्यात मी सोडून सगळ्यांना कळलेला होता.

ठरलंय ते असं. डिसेंबरपर्यंत इंटरव्हल काम आणि पाणी. त्यानंतर दोन वेगवेगळ्या अनोळखी मैदानांवर ९०चे घरगुती वर्ग. दोन्हीकडं क्रॉस-कंट्री शून्यावर आलं आणि नाडी उतरली तर फेडरेशनच्या सगळ्यात खालच्या वर्गात अर्ज, नाही तर बारावीनंतर. सौभाग्यवतींची सही झालीय. घोड्याची आणि पोरीची नोंदणी मात्र आत्ताच करून ठेवतोय.

आता कागदपत्रांचं आणि वाहतुकीचं सांगा. इथं घोड्याचा फ्लोट (घोडे न्यायची गाडी) मिळत नाही, म्हशींचा टेम्पो चालेल का?

गोठा_ते_पागा:
कागद आधी. ग्लँडर्सची (घोड्यांचा संसर्गजन्य रोग) तपासणी लागेल, सरकारी पशुवैद्यामार्फत रक्ताचा नमुना हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राकडं जातो. अहवालाला वेळ लागू शकतो आणि त्याची मुदतही असते, म्हणून स्पर्धेचे आयोजक किती दिवसांच्या आतला मागतात ते विचारून नमुना द्या. फ्लूच्या लसीचा एफईआयचा नियम असा की शेवटचा डोस स्पर्धेच्या आधी ६ महिने अधिक २१ दिवसांच्या आतला हवा, आणि पोहोचायच्या आधीच्या ७ दिवसांत टोचलेला नको. पासपोर्टमध्ये नोंद आणि सही बघून घ्या.

टेम्पो चालेल, पण तळाला रबरी मॅट, बाजूंना गाद्या, आणि डोकं खाली घेता येईल इतकी लांब दोरी. पुण्यापर्यंत सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर डोकं वर बांधून नेलं की धूळ आणि कफ छातीत उतरतो, घोडा न्यूमोनिया घेऊन येतो. वाटेत कराड किंवा साताऱ्याला थांबून पाणी दाखवा. रात्री निघा.

दख्खनी_स्वार:
सांगलीतून एक जण जानेवारीत दोन घोड्यांचा फ्लोट घेऊन जातोय, एक जागा रिकामी आहे. डिझेल निम्मं निम्मं. व्यनि केलाय, बघा.